वारकऱ्यांसाठी चहा आणि सोळा ओळींची पाटी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मायक्रोकंट्रोलरवर चालणारी, कुठेही नेता येणारी एलईडी पाटी'. एवढं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे आर्डुइनो हा प्रोग्राम भरायचा छोटा बोर्ड काय असतो ते मी सांगत बसायला नको. एलईडी एकदाही लुकलुकवलेला नाही असा माणूस इथे नसणार. असलाच तर त्याला घरच्यांनी सोबतीला आणलेला आहे, आणि त्याला माझी सहानुभूती आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची पहिली पाटी त्या चार चौकोनी ठोकळ्यांची असते. आठ बाय आठ दिव्यांचे चार मॅट्रिक्स शेजारी शेजारी, प्रत्येकामागे एक मॅक्स ७२१९. ही चिप एकटी ६४ दिवे सांभाळते, उजेडाच्या १६ पायऱ्या देते, आणि सप्लाय सोडला तर तीन तारांत काम भागतं. लायब्ररी, म्हणजे तयार कोड, उतरवायची, हॅलो लिहायचं, हॅलो सरकत जातं. घरात कौतुक होतं. मग कुणीतरी म्हणतं, 'आता मराठीत लिही बघू.' तिथे आपला छंद संपतो. माझं भांडण नेमकं तिथून सुरू होतं.

आमच्या ओळखीतलं एक मंडळ पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा वाटेवर चहा वाटतं. त्यांना पाटी हवी होती: 'वारकऱ्यांसाठी मोफत चहा'. संध्याकाळी लांबून दिसावी, पाऊस आला तर उचलून आत नेता यावी. म्हटलं, आधी बाजारात तयार मिळते का बघू. तापकीर गल्ली, पासोड्या विठोबाचा परिसर, सगळीकडे या पाट्या टांगलेल्या असतात. एका दुकानात गेलो. नाव सांगत नाही, माणूस भला होता, चहाही पाजला. त्याने कॉम्प्युटरवर मजकूर टाकला, पाटीत भरला आणि पाटी लावली. 'वारक'पर्यंत उत्तम. पुढे अख्खा र, त्याला पायमोडका हलन्त, मग सुटा या, आणि अनुस्वार पुढच्या 'सा'च्या डोक्यावर जाऊन बसलेला. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, 'सर, सरकताना कोण बघतंय एवढं?' मी म्हटलं, मी बघतोय. तो म्हणाला, 'मग इंग्लिशमध्ये टाकू या ना, सगळ्यांना कळतं.' आळंदीहून चालत आलेल्या माउलींना 'फ्री टी फॉर वारकरीज'!

हसू नका, तुम्हीही हे रोज बघता. बसच्या कपाळावर 'पिंपरी'ची वेलांटी प सोडून पुढच्या अक्षराला चिकटलेली कुणी पाहिली नाही? आपण मनातल्या मनात दुरुस्त करून चढतो. आता तर डोळ्यांना सवयच झालीये, राग येत नाही. मला येतो. कारण हा प्रश्न कधीच सुटलाय. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणण्याचं काम पुढे सीडॅक या सरकारी संस्थेने इथे पुण्यात वाढवलं, इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण १९९१ साली आलं. त्या काळच्या पीसीवर कार्ड लावून जोडाक्षरं नीट उमटत होती. आणि आज खिशात त्याच्या कैक पट ताकद घेऊन फिरणारे आपण वेलांटी सांभाळू शकत नाही!

असो. चूक कुठे होते ते बघा. 'वारकऱ्यांसाठी' हे डोळ्याला सहा अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामायिक संकेतयादीत, ते १३ संकेत आहेत, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३९ बाइट. 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी, दिसताना मात्र वेलांटी आधी. आपल्या ऱ्याचा तो चंद्रकोरीसारखा र तर काही हिंदीपुरत्या विचार केलेल्या फॉन्टांनाही जड जातो. मोबाइलमध्ये ही जुळवाजुळव करणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं. आर्डुइनोच्या उनो बोर्डावर २ केबी रॅम असते आणि लायब्ररीतला फॉन्ट पाच बाय सातचा, इंग्रजीच्या मापाने शिवलेला. आपण त्यात देवनागरी कोंबायला जातो.

दुसरी गोष्ट उंचीची. देवनागरीला तीन मजले लागतात. दिव्यांच्या आठ आडव्या ओळींत वर मात्रेला दोन, शिरोरेषेला एक, खाली उकाराला एक सोडली, की अक्षराच्या धडाला उरल्या चार. चार ओळींत घ आणि ध वेगळे काढून दाखवा, पाटी बक्षीस देतो. सोळा ओळी घ्या: वरच्या तीन मात्रा, अनुस्वार आणि रफारासाठी, चौथी शिरोरेषा, पाच ते तेरा धड, शेवटच्या तीन उकार-ऋकारासाठी. यात 'कृष्ण'सुद्धा मावतो. भ आणि ध यांच्या डोक्यावरची फट मात्र दोन ठिपक्यांची ठेवा. एका ठिपक्याची फट कागदावर दिसते, पण लाल दिव्यांचा उजेड पसरतो आणि लांबून ती बुजते. भजनाचं मजन होतं.

...हो, चिठ्ठी मिळाली. सात मिनिटं. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता सुरू करतो.

पॅनल एकरंगी पी१० घ्या. ३२ बाय १६ ठिपके, ३२० बाय १६० मिलिमीटर, दुकानांवर असतं तेच. असे दोन जोडले की पाटी होते. एका वेळी पाव ठिपकेच पेटतात, बाकीचं आपला डोळा भरून काढतो. म्हणून मोबाइलने फोटो काढला की पट्टे दिसतात. पॅनल बिघडलेलं नसतं, परत करायला जाऊ नका.

मेंदू म्हणून ईएसपी३२, वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर. आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी आलो: पाटीला मजकूर पाठवूच नका, ठिपके पाठवा. ईएसपी३२ स्वतःचं वायफाय आणि एक छोटं वेबपान देतो. ते मोबाइलवर उघडायचं आणि त्यात मराठी टाइप करायचं. मोबाइलचा ब्राउझर ते कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या चौकटीत, १६ ठिपके उंचीत काढतो. जोडाक्षर, वेलांटी, ऱ्या सगळं तोच जुळवतो, कारण त्याला ते येतं. मग प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच वाचायचं आणि पाटीकडे धाडायचं. २०० ठिपके लांब संदेश म्हणजे ३,२०० बिट, फक्त ४०० बाइट. पाटीला मराठी येत नाही, यायची गरजही नाही. एवढ्या लहान मापात फॉन्टच्या कडा ओबडधोबड येतात, म्हणून पाठवण्याआधी बोटाने ठिपके दुरुस्त करायची सोय त्याच पानावर ठेवा. उनोच वापरायचा असेल तर ठिपके कॉम्प्युटरवर आधी काढून त्याच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्राम साठवायच्या मेमरीत, भरा. ३२ केबीत दिंडीभर घोषणा मावतात.

वीज, भराभर. पॅनलचा सप्लाय थेट पॉवर बँकेपासून, बोर्डातून नाही. दोघांचं ग्राउंड, म्हणजे ऋण तार, एकमेकांना जोडा. ईएसपी ३.३ व्होल्टवर बोलतो, पॅनल ५ व्होल्टवर. मध्ये व्होल्टेज जुळवणारी ७४एचसीटी२४५ चिप घाला. नाही घातलं तर टेबलावर चालेल आणि मंडपात नको ते ठिपके पेटून भुतं दिसतील. दहा हजारची पॉवर बँक म्हणजे दहा हजार मिलिअँपिअर-तास आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणून ३७ वॉट-तास धरा. उजेड कमी ठेवून पाटीने ५ वॉट खाल्ले तर नुकसान वजा जाता सहा तास. रात्री पूर्ण उजेड लागतही नाही, डोळे दिपतात. पाटीवर दिवे फारच थोडे पेटत असतील तर काही पॉवर बँका 'इथे कुणी नाही' समजून झोपतात. विकत घेण्याआधी तपासा.

पुढून पारदर्शक अॅक्रिलिक, मागून झाकण, वायरचं भोक खालच्या बाजूला.

झालं, उठतो. पाटी मागच्या टेबलावर चालू आहे, आपापलं नाव टाकून बघा. सभेत कुणी ज्योत्स्नाबाई असतील तर पहिला नंबर त्यांचा.