शून्यापाशी थांबलेले गुरुजी

श्रोतेहो, नमस्कार. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. बाराव्या शतकातले थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापला आणि त्या मठाला 1207 मध्ये दाने मिळाली, असे त्यावर कोरलेले आहे. आपण हिवाळ्यात तेथे भरीत-पार्टीला जातो, नवस फेडतो आणि लेखाकडे ढुंकूनही न पाहता परततो, याची मला चीड येते. असो. आज बोलायचे आहे ते जाणकाराचे ज्ञान जेथे थांबते, त्या जागेविषयी.

गिरणाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेतली ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. भागाकार शिकवणे चालू असताना चौथीतल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, बाराला शून्याने भागलं तर?” गुरुजींची नोकरी संपत आलेली, गावात त्यांच्या शब्दाला वजन. “असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत,” एवढे म्हणून त्यांना सुटता आले असते. (गाइडांनी हेच उत्तर घरोघरी पोचवले आहे, आणि गाइड दप्तरात असू नये या मताचा मी आहे.) गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “मला नाही सांगता येत. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला फळ्यापाशी बोलावले. बारातून तीन-तीन वजा कर, म्हणाले. चार वेळांत बारा संपले. आता शून्य-शून्य वजा कर. तिने बारातून शून्य वजा केले, खाली बारा लिहिले. पुन्हा शून्य वजा केले, पुन्हा बारा. फळ्याच्या तळाशी पोचल्यावर ती टाचा टेकून खाली बसली, शेवटचे बारा लाकडी चौकटीवर लिहिले आणि वळून म्हणाली, “गुरुजी, हाई ते सरसच नही!” गुरुजी म्हणाले, “सरत नाही, एवढंच मलाही कळलंय.” श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो: सरत नाही, एवढेच त्यांना कळले होते आणि तेवढेच त्यांनी सांगितले.

याच शून्यापाशी भास्कराचार्यही आले होते. शून्याने भागून येणाऱ्या राशीत कितीही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, जसा सृष्टीच्या उत्पत्तीने वा प्रलयाने अनंत परमेश्वर बदलत नाही, असे त्यांनी म्हटले. मात्र ‘लीलावती’ या आपल्या गणिताच्या ग्रंथात त्यांनी असेही एक उदाहरण घातले, ज्यात संख्येला आधी शून्याने गुणायचे, पुढे शून्यानेच भागायचे, आणि दोन्ही शून्ये परस्परांना खाऊन उत्तर 14 यावे; आजचे गणित हे मानत नाही, कारण शून्याने भागण्याला त्यात अर्थच दिलेला नाही.

म्हणून त्यांची थोरवी उणावत नाही. 1150 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा गणित-खगोलाचा ग्रंथ रचताना त्यांनी ब्रह्मगुप्तांसारख्या पूर्वसूरींचे ऋण मानले. पण नम्रता म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही. गोलाचे पृष्ठफळ काढण्याची लल्ल या आचार्यांची रीत चुकीची आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि गोल बरोबर मधोमध कापल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट, हे बरोबर उत्तर दिले. शून्याच्या बाबतीत पुढच्या गणितज्ञांनी भास्कराचार्यांशी तेच केले, जे त्यांनी लल्लांशी केले होते.