नवा कर्नल, जुना ड्रायव्हर

मित्रहो, हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाठीशी असेल. रात्री लिनक्सचं अपडेट चालवलं, नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला, सकाळी मशीन सुरू केलं तर लॉगिनच्या जागी काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर. मी तर कार्ड काढून, पुसून, परत बसवलं होतं! बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता.

लिनक्स कर्नलनं एक शब्द दिलाय आणि एक मुद्दाम दिलेला नाही. दिलेला शब्द आपल्या प्रोग्रॅम्सना: काल चालत होतं ते उद्याच्या कर्नलवरही चाललं पाहिजे. याबाबत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स किती कडक आहेत, हे वेगळं सांगायला नको. पण ज्या फंक्शन्सना धरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कोड, उभा असतो, त्या कर्नलच्या पोटातल्या फंक्शन्सची हमी कुणालाच नाही. का नाही, यावर कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं सविस्तर टिपण कर्नलच्याच कागदपत्रांत आहे.

ज्याचा ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच राहतो, त्याला याची झळ फारशी लागत नाही. फंक्शन बदलणाराच त्या ड्रायव्हरमधल्या ओळीही बदलून देतो. एएमडीच्या कार्डांचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ साली, कर्नलच्या ४.२ आवृत्तीपासून आत आहे. एनव्हीडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बाहेर राहतो, त्यामुळे प्रत्येक बदलामागे त्याला धावावं लागतं.

एकच बदल जवळून बघू. २०२३ च्या एप्रिलमध्ये ६.३ कर्नल आला. मेमरीच्या प्रत्येक मॅपिंगच्या नोंदीत व्हीएम फ्लॅग्ज नावाचं एक फील्ड असतं. तोवर ड्रायव्हर त्यात थेट लिहायचे. ६.३ नं ते फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. लिहायचं तर ठरवून दिलेल्या फंक्शनमधून. बदल शहाणपणाचाच होता. पण थेट लिहिणारा जुना कोड नव्या कर्नलवर कंपाइलच होईना. दुरुस्ती ओळी-दोन ओळींची, पण ती कुणीतरी करेपर्यंत मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये भरायचा तयार ड्रायव्हर, नाही.

‘पण डीकेएमएस आहे ना?’ आहे की. डीकेएमएस हा याच कामाचा प्रोग्रॅम. नवा कर्नल आला की ते मॉड्यूल नव्यानं कंपाइल करायला घेतं. कोडमधली चूक सुधारणं त्याच्या हातात नाही. कंपाइल फसलं तरी अपडेटच्या शेकडो ओळींत ती एक ओळ सहज नजरेतून सुटते.

२०२२ च्या मे महिन्यात एनव्हीडियानं कर्नल मॉड्यूल्सचा सोर्स खुला केला, तेव्हा अनेकांना वाटलं, सुटलो. पण सोर्स खुला होणं वेगळं आणि कर्नलमध्ये दाखल होणं वेगळं. शिवाय तो ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांपुरताच. जुन्या कार्डांसाठीच्या ड्रायव्हरच्या ३९० शाखेचा आधार त्याच वर्षाअखेर संपला. त्यांना नूव्हो हा कर्नलमधलाच खुला ड्रायव्हर, नाहीतर कुणीतरी हौसेनं लिहिलेले पॅच.

आणखी एक फसवं दुखणं म्हणजे सिक्युअर बूट, मशीन सुरू होताना मान्य सहीचाच कोड चालू देणारी सोय. कंपाइल बिनचूक होतं, पण मॉड्यूलवर मशीनला मान्य असलेली सही नसते. कर्नल ते दारातच अडवतो आणि स्क्रीन तशीच काळी! म्हणून कंपाइल फसलं की सही, हे आधी ठरवा.

मशीन अडलंच तर ग्रबमधून, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेन्यूतून, मागचा कर्नल निवडा. तो काढून टाकायची घाई कधी करू नका. मग डीकेएमएसच्या बिल्ड फोल्डरमधली मेक डॉट लॉग ही फाइल उघडा आणि पहिली एरर वाचा. शेवटची नव्हे, पहिली. पुढच्या बहुतेक तिच्याच पोटी आलेल्या असतात. माझ्याकडे अशी एक फाइल आहे, ती आता पडद्यावर घेतो.