सदुसष्टातला एक

१० एप्रिल १९८१, फ्लोरिडाचं केनेडी अवकाश केंद्र. ‘कोलंबिया’ हे स्पेस शटल पहिल्या झेपेसाठी उभं आहे. आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन आसनांवर उताणे पडून आहेत. हे यान आधी रिकामं अंतराळात पाठवून पाहिलेलंच नाही, त्यामुळे पहिली खरी परीक्षाही माणसांसकटच.

उड्डाणाला वीसेक मिनिटं उरली आणि यानातल्या पाच कॉम्प्युटरांपैकी पाचवा बाकीच्या चौघांशी जुळेना.

त्या चौघांवर आयबीएमचं एकच सॉफ्टवेअर. पाचव्यावरचं, यान बांधणाऱ्या रॉकवेल कंपनीनं लिहिलेलं, मुद्दाम वेगळं. एकाच सॉफ्टवेअरच्या चार प्रती म्हणजे त्यातल्या चुकीच्याही चार प्रती! चौघंही फसले तर ताबा घ्यायचा पाचव्यानं. तोवर त्यांचं गुपचूप ऐकत राहायचं. पण त्यांचा ठेका आज त्याला सापडतच नव्हता. त्या दिवशीचं उड्डाण रद्द झालं.

शोधाशोध झाली. चूक पाचव्यात नव्हती, चौघांच्या सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि चांगली मुरलेली. साधारण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी एक लहानसा बदल केला होता. त्यातून, पहिला कॉम्प्युटर चालू होताना वेळेचं गणित चुकण्याची फट राहिली. वर्षभरानं वेळेचा आणखी एक आकडा बदलला आणि फट रुंदावली. आता चालू करताना ६७ वेळांत एकदा, काही कामं ठरल्यापेक्षा एक फेरी आधी सुरू होणार. चौघं एकसारखेच चुकणार, म्हणून आपसात तक्रार नाही. खटकलं ते बाहेरून ऐकणाऱ्याला.

मग सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं? चूक तर सापडली होती, जागाही कळली होती. पण ती जन्मली होती अशाच दोन किरकोळ बदलांतून. घाईघाईत केलेला तिसरा बदल तपासायचा कधी आणि कुणी? उलट, जुन्या चुकीचा स्वभाव आता पुरता माहीत होता. ती फक्त चालू करताना डोकं वर काढते. सुरुवात नीट झाली, की बंद करेपर्यंत त्रास नाही. माझ्या मते, माहीत असलेली ही चूक त्या घडीला नव्या दुरुस्तीपेक्षा जास्त भरवशाची होती.

म्हणून, अडलेल्या मोबाइलला आपण जे करतो, तेच तिथे केलं गेलं. कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. या वेळी पाचव्याला ठेका सापडला.

१२ एप्रिलला कोलंबिया उडालं, ती चूक पोटात घेऊनच. सुमारे ५४ तासांनी ते कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळावर उतरलं.