नुरा कुस्तीला टाळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात कधी बसला असाल तर एक शब्द तुमच्या कानावरून नक्की गेला असेल. नुरा कुस्ती. म्हणजे दोन पैलवानांनी आधीच ठरवून घेतलेली कुस्ती. कोणी पडायचं, किती वेळानं पडायचं, इनाम कसं वाटून घ्यायचं, सगळं ठरलेलं. लहानपणी मामांबरोबर मी अशी एक कुस्ती पाहिली. मला काय कळतंय! हलगी कडाडत होती, माती उडत होती आणि मी जागच्या जागी उड्या मारत होतो. मामा मात्र दोन मिनिटांतच उठले, धोतराची माती झटकली आणि म्हणाले, "चल जेवायला. ह्यांचं ठरलंय." आम्ही निघालो तेव्हा मागे शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. पैलवानांच्या नावानं आणखीही बरंच काही चाललं होतं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

आज बोलायचं आहे ते खेळांवरच्या चित्रपटांबद्दल. मामांची आठवण निघाली, कारण असा प्रत्येक चित्रपट ही एका अर्थानं नुरा कुस्तीच असते. शेवटचा चेंडू कुठे जाणार हे लेखकाला ठाऊक असतं, कॅमेरामनला ठाऊक असतं आणि खरं सांगायचं तर तिकीट काढतानाच आपल्यालाही ठाऊक असतं. तरीही आपण मुठी आवळून बसतो, डोळे पुसतो. मीही पुसले आहेत. २००७ साली 'चक दे इंडिया' बघताना मी इतका रडलो, की दिवे लागल्यावर शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी मला पाण्याची बाटली दिली. घरी येताना मात्र मनात आलं, आपल्याला नक्की कोणी रडवलं? चित्रपटानं, की वर चढणाऱ्या तिरंग्यानं?

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. खेळाकडे नाट्य आयतं असतं. घड्याळ असतं, धावफलक असतो, दोन बाजू असतात, गर्दी असते, वर राष्ट्रगीत असतं. हे सगळं चित्रपट उसनं आणतो आणि पुष्कळदा परत करायचं विसरतो. म्हणून माझं मत विचाराल तर खेळांवरचे बहुतेक चित्रपट आपण डोक्यावर घेतो तेवढे मोठे नसतात. काही मात्र खरोखर मोठे आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांची कुस्ती आखाड्यात होतच नाही.

'दंगल'च घ्या. २०१६ चा चित्रपट. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीपटू गीता फोगटनं ५५ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं, ते त्याचं शिखर. खऱ्या अंतिम लढतीत गीतानं ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला सरळ दोन फेऱ्यांत हरवलं होतं. १-० आणि ७-०. एकतर्फी कुस्ती! चित्रपटात मात्र गीता मागे पडते, शेवटचे काही सेकंद उरतात आणि मग पाच गुणांचा तो डाव येतो. शिवाय संघाचा प्रशिक्षक गीताच्या पैलवान वडिलांना एका खोलीत कोंडून ठेवायची व्यवस्था करतो, म्हणजे विजयाची बातमी त्यांना राष्ट्रगीताच्या सुरांवरून कळावी. असं काही घडलं नव्हतं. खऱ्या प्रशिक्षकांनी त्यावर नाराजीही बोलून दाखवली. पडद्यावरच्या प्रशिक्षकाला प्रमोद कदम असं नाव दिलंय आणि आपल्या गिरीश कुलकर्णींनी तो इतका चोख वठवलाय, की बिचाऱ्या कदम आडनावाचा राग यावा.

माझी तक्रार खोटं दाखवलं अशी नाही. कथेत थोडं इकडंतिकडं व्हायचंच. तक्रार ही, की आपल्या पोरीनं प्रतिस्पर्ध्याला सहज लोळवलं हे चित्रपटाला पुरेसं वाटलं नाही. वर्षानुवर्षं पहाटे उठून घाम गाळला तो कशासाठी? अशी एकतर्फी कुस्ती मारता यावी म्हणूनच ना? मातीतला माणूस अशा विजयाला जास्त मानतो. 'पाठ टेकायलाच वेळ लागला नाही' ही आपल्याकडे केवढी मोठी शाबासकी!

आणि त्याच चित्रपटात एक अस्सल कुस्ती आहे. गीता पतियाळाच्या अकादमीतून घरी येते. केस वाढलेत, नखं रंगवलीत, नवं तंत्र शिकलीय आणि वडिलांचं तंत्र तिला जुनाट वाटतं. बोलता बोलता बाप-लेक घरच्याच आखाड्यात समोरासमोर उभी राहतात. तिथं पंच नाही, घड्याळ नाही, झेंडा नाही. कोण जिंकावं हे आपल्याला ठरवता येत नाही. बाप पडला तर वाईट वाटणार, पोर पडली तरी वाईट वाटणार. बाप पडतो. धापा टाकणारा म्हातारा होत चाललेला पैलवान, आणि जिंकून गोंधळलेली मुलगी. या कुस्तीला कोणी टाळ्या वाजवत नाही. मला विचाराल तर 'दंगल' इथंच संपला असता तरी चाललं असतं. पण मग तो चाललाही नसता, हेही मला कळतं.

क्रिकेटकडे वळू. १९८३ चा विश्वचषक ज्यांनी ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकला, ते श्रोते आजही हा कार्यक्रम ऐकत असतील. मराठीत बाळ ज. पंडितांचं धावतं समालोचन ऐकून आम्ही क्रिकेट 'पाहायला' शिकलो. चेंडू कुठून आला, बॅट कशी फिरली, हे सगळं डोळे मिटून दिसायचं. म्हणून २०२१ च्या 'एटी थ्री'ला मी जरा बिचकतच गेलो. अंतिम सामना, कपिलनं धावत जाऊन घेतलेला रिचर्ड्सचा झेल, सगळं पाठ. पाठ असलेलं स्तोत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं. चित्रपट जागा झाला तो इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला. १८ जून १९८३, झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७, आणि तिथून कपिलच्या नाबाद १७५. त्या डावाचं चित्रीकरणच उपलब्ध नाही. जे कोणी पुन्हा पाहू शकत नाही ते दाखवायला तरी सिनेमाचा उपयोग झाला!

'लगान'ची बाब वेगळी. कोल्हापूरच्या आशुतोष गोवारीकरांचा २००१ चा चित्रपट, ऑस्करच्या अखेरच्या पाचांत गेलेला. काळ १८९३ चा, गाव चंपानेर, गावकरी आणि इंग्रज यांच्यातला क्रिकेट सामना काल्पनिक. पाठ असलेला निकालच नाही, त्यामुळे तासाहून जास्त चालणारा सामना आपण नव्यानं बघतो. क्रिकेटची जाण तर बघा: गावच्या संघातला गोलंदाज, कचरा त्याचं नाव, त्याचा चेंडू पहिल्या दिवशी वळत नाही, कारण चेंडू नवा आहे. दुसऱ्या दिवशी चेंडू जुना होतो आणि कचरा हॅटट्रिक घेतो. हे लिहिणारा माणूस मैदानावर उन्हात उभा राहिलेला असणार. त्याआधीचं दृश्य आणखी मोलाचं. कचरा अस्पृश्य म्हणून गाव त्याला संघात घ्यायला तयार नाही आणि कथेचा नायक भुवन सगळ्यांशी भांडतो. सामना इंग्रजांशी सुरू होण्याआधी गावाशी होतो.

पण शेवट आठवतो? शेवटच्या चेंडूला फलंदाज कचराच आहे. तो एक धाव काढतो, पंच नो बॉल देतो, भुवन समोर येतो आणि षटकार मारतो. तो षटकार कचऱ्याच्या बॅटला लागू द्यायला काय हरकत होती? इथं मला मामांसारखं उठून धोतर झटकावंसं वाटतं.

हरण्याची हिंमत फार थोडे दाखवतात. १९७६ चा, बॉक्सिंगवरचा 'रॉकी' बघा. लढतीच्या आदल्या रात्री रॉकी स्वतःच म्हणतो, की आपण जिंकणार नाही. पंधरा फेऱ्या उभं राहायचं, बस. आणि तो हरतो! निकाल पुकारला जातो तेव्हा त्याचं तिकडे लक्षही नसतं, तो गर्दीत आपल्या प्रेयसीला, एड्रियनला हाका मारत असतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पुढच्या भागात त्याला जिंकवला, आणि तिथपासून माझा त्याच्यातला रस कमी झाला. 'चक दे'तही मला आज आठवतो तो मुलींचा पुरुष संघाशी झालेला सामना. त्या हरतात आणि समोरचे खेळाडू हॉकी स्टिक उंचावून त्यांना मान देतात.

आपल्याकडचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा म्हणजे 'पान सिंग तोमर'. तिग्मांशू धुलियांचा, २०१२ चा, इरफान खाननी पुरून उरावं असं काम केलेला. सैन्यातला जवान, स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीत, सात वेळा राष्ट्रीय विजेता, आणि शेवटी चंबळच्या खोऱ्यातला बंडखोर. जमिनीच्या वादात तो पोलीस ठाण्यात जातो, आपली पदकं दाखवतो, आणि ठाणेदार ती भिरकावून देतो. खेळाचा चित्रपट कशाला म्हणायचं हे मला त्या एका दृश्यानं शिकवलं. शर्यती त्यानं केव्हाच जिंकल्या आहेत. पदकाची किंमत किती, हा सामना अजून बाकी आहे. आणि अखेरीस पोलीस मागे लागतात तेव्हा त्याच्या पायांना ठाऊक असलेली एकच गोष्ट ते करतात. पळतात.

नागराज मंजुळेंच्या 'झुंड'चाही इथं उल्लेख व्हायला हवा. नागपूरची झोपडपट्टी, शेजारी कॉलेज आणि मध्ये भिंत. झोपडपट्टीतली पोरं आणि कॉलेजची पोरं यांचा फुटबॉल सामना पूर्वार्धातच उरकतो. लोक म्हणाले, मग उरलेला दीड तास काय बघायचं? उरलेला दीड तास परदेशी खेळायला जाण्यासाठीचा पासपोर्ट! आपण कोण हे कागदावर सिद्ध करता न येणारी माणसं, आणि विमानतळावरच्या तपासणीपाशी थांबलेला एक पोरगा. पेनल्टी शूटआउटला झाली नसेल एवढी धाकधूक मला त्या तपासणीला झाली.

मामा आता नाहीत. पण 'दंगल' टीव्हीवर लागला तेव्हा होते, नव्वदीला टेकलेले. मी त्यांना मुद्दाम बसवलं. अंतिम लढत सुरू झाली, घरातली सगळी मुलं सोफ्यावर उभी राहिली, आणि मामा शांतपणे सुपारी कातरत होते. त्याआधी, बाप-लेकीच्या त्या कुस्तीला मात्र त्यांचा अडकित्ता थांबला होता. बाप पाठीवर पडला तसे ते पुढे झुकले.

"पोरीनं बापाला पाडायला नको होतं," म्हणाले.

मग बराच वेळ गप्प. आणि अडकित्ता पुन्हा उचलताना, "पण पाडलं ते झकास पाडलं."