भिंतींनी कोणी ख्रिस्ती होतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी, म्हटलं की आपल्याला आठवतं ते पांढऱ्या झग्यातलं तान्हं बाळ. पहिल्या काही शतकांतल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, मात्र कुंडात उतरायची ती बहुतेक कळती माणसं. इ.स. २०० च्या सुमाराला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन तर म्हणत होता, घाई करू नका, लेकरांना जाणतं होऊ द्या.

असं काय होतं त्या पाण्यात? येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो: बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालणं. पुरलं जाणं, आणि उठणं. पापांची क्षमा, आत्म्याचं दान, मंडळीत प्रवेश, हे सगळं त्या उतरण्यात आणि वर येण्यात होतं. पाण्याबद्दल हट्ट नव्हता. ‘दिदाखे’ ही मंडळीच्या शिकवणीची फार जुनी पुस्तिका म्हणते, वाहतं पाणी घ्या. नसेल तर दुसरं. थंड सोसत नसेल तर कोमट. पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता.

आता माझी लाडकी गोष्ट सांगतो. ती संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या आठव्या भागात नोंदवून ठेवली आहे.

चौथ्या शतकात रोममध्ये व्हिक्टोरिनस नावाचे मोठे पंडित होते. वक्तृत्वाचे गुरू. सिनेटरांची मुलं त्यांच्या हाताखाली शिकलेली, शहराच्या चौकात त्यांचा पुतळा. जुन्या देवांची बाजू त्यांनी वर्षानुवर्षं गडगडत्या आवाजात मांडली होती. म्हातारपणी त्यांनी पवित्र शास्त्र बारकाईने वाचलं आणि सिम्प्लिचियानुस या ख्रिस्ती मित्राला हळूच सांगितलं, “मी आता ख्रिस्तीच आहे, बरं का.”

मित्र म्हणाला, “तुम्हाला चर्चमध्ये पाहीन तेव्हा मानेन.”

व्हिक्टोरिनस हसले. “म्हणजे भिंतींनी कोणी ख्रिस्ती होतो का?”

हे संभाषण पुन:पुन्हा झालं. तेच वाक्य, तेच उत्तर. खरी गोष्ट अशी की ते घाबरत होते. रोमची बडी मंडळी अजून जुन्या देवांची होती, आणि तीच त्यांची मित्रमंडळी. पण एक दिवस अचानक ते म्हणाले, “चला, चर्चमध्ये जाऊ. मला ख्रिस्ती व्हायचंय.” शिकवणीला बसले आणि बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं.

रोमची रीत अशी, की उमेदवाराने उंच जागी उभं राहून, सर्वांदेखत, विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी ठरलेली वाक्यं, तोंडपाठ म्हणायचा. लाजऱ्या माणसांना हा अंगीकार खासगीत म्हणायची सवलत मिळे. पाळकांनी व्हिक्टोरिनसांनाही ती देऊ केली. ते म्हणाले, वक्तृत्व शिकवलं त्यात तारण नव्हतं, तरी ते चारचौघांत शिकवलं. मग ज्यात तारण आहे ते लपूनछपून कशाला बोलू?

ते वर चढले आणि ओळखणाऱ्यांत कुजबुज पसरली, “व्हिक्टोरिनस! व्हिक्टोरिनस!” आनंदाचा गलका झाला, आणि त्यांचा आवाज ऐकायला सगळे एकदम शांत झाले.

म्हणून सांगतो, मनातल्या मनात मानणं त्या मंडळीला पुरत नव्हतं. चारचौघांत बोलायचं, मग पाण्यात उतरायचं. भिंती ख्रिस्ती करत नाहीत हे खरंच; पण भिंतींच्या आत उभी असलेली माणसं आता तुमची भावंडं होतात, आणि ती तुम्हाला पाहणार, ऐकणार. बाप्तिस्मा यासाठीही होता.

त्याची किंमतही पडे. ३६२ साली सम्राट जुलियनने ख्रिस्ती शिक्षकांवर बंदी आणली, तेव्हा व्हिक्टोरिनसांनी शाळा सोडली, विश्वास सोडला नाही. ही हकिकत सिम्प्लिचियानुसने पुढे ऑगस्टीनला ऐकवली, आणि त्यालाही तसंच करण्याची ओढ लागली. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री बिशप अँब्रोजच्या हातून मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. मुलगा आदेओदातुस आणि मित्र अलिपियुस त्याच्याबरोबर होते. त्या अष्टकोनी कुंडाचे अवशेष मिलानच्या मोठ्या कॅथेड्रलखाली आजही आहेत. तिकडे कधी गेलात तर जिना उतरून नक्की पाहा.

नमस्कार.