उलार : पहिला कॅम्पिंग ट्रेलर निवडताना

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'कच्च्या रस्त्यावर नेता येईल असा पहिला छोटा ट्रेलर कसा निवडावा'. तिकडे येतोच. पण आधी एक शब्द तुमच्यापुढे ठेवू द्या, कारण तो विसरून घेतलेला ट्रेलर आपल्या बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ल्याच्या घाटात हमखास त्रास देतो. शब्द आहे 'उलार'.

मागच्या रांगांत रायबाग-चिकोडीकडची मंडळी दिसताहेत, त्यांना हा शब्द समजावायला नको. टिळकवाडीतल्या पोरांसाठी सांगतो. बैलगाडीत आखाच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मागे ओझं जास्त झालं की साटा मागे झुकतो, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. ही गाडी उलार झाली. याच्या उलट ओझं पुढे गेलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना ज्याच्या हाताला बैलाचा सुजलेला खांदा लागलाय, त्याला त्या भाराची किंमत ठाऊक असते. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरून झाली की बैल जुंपण्याआधी दांडी हाताने उचलून बघतो. अगदी हलकी लागली तर दोन पोती पुढे सरकवतो, उचलेना झाली तर मागे. माघात चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला ज्या गाड्या येतात, त्यांत अंथरूण-पांघरूण, चुलीची लाकडं, पाण्याची घागर, बैलांची वैरण, पोरंबाळं असं सगळं असतं. मुक्कामाचं बिऱ्हाड चाकांवर घेऊन निघायचं, हे आपल्या भागाला नवं नाही. ते भरायचं कसं, हेही आपल्याला माहीत होतं.

आता जुवाच्या जागी मोटारीच्या मागचा, ट्रेलर अडकवायचा ५० मिलिमीटरचा बॉल ठेवा आणि बैलांच्या जागी मोटार. बाकी गणित तेच. ट्रेलरचं नाक, म्हणजे दांडीचं पुढचं टोक, बॉलवर जो भार टाकतं, तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण एक दशांश असावा. ६०० किलोचा ट्रेलर, तर नाकावर ६० किलो. फार कमी झाला तर ट्रेलर उलार. वेगात, विशेषतः उतारावर, तो शेपूट हलवायला लागतो आणि बघता बघता मोटारीचं मागचं अंग डावी-उजवीकडे ओढतो. फार जास्त झाला तर मोटारीची मागची बाजू बसते, पुढच्या चाकांवरचं वजन उतरतं, स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. गळीत हंगामात ऊस भरलेल्या दोनचाकी ट्रॉलीने चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली इथे कोणी पाहिली नाहीत? बघा, सगळेच हसताहेत. ते नाकावरचं जादा ओझं. ट्रॅक्टरवाला तेवढ्या वेळात ब्रेकच्या एकेका पायावर दिशा सांभाळतो. तुमच्या मोटारीला ती सोय नाही.

उलार व्हायला किती थोडं पुरतं, ते आकड्यात बघू. बॉलपासून आखापर्यंतचं अंतर २.४ मीटर धरा. ट्रेलर ६०० किलो, नाकावर ६०. ठीक चाललंय. आता पाण्याची ६० लिटरची टाकी आखाच्या ०.८ मीटर मागे बसवली. पाणी म्हणजे लिटरला किलो. ६० गुणिले ०.८, भागिले २.४, म्हणजे नाकावरचे २० किलो गेले; उरले ४०. मग मागच्या दारावर दोन सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून ४० किलो, आखाच्या १.८ मीटर मागे. ४० गुणिले १.८, भागिले २.४, आणखी ३० किलो गेले. आता ट्रेलर ७०० किलोचा झाला आणि नाकावर उरले फक्त १० किलो. आत एकही वस्तू चुकीची नाही. प्रत्येक वस्तू बाजारात चांगली म्हणूनच मिळते. पण गाडी उलार झाली.

माझी तक्रार इथेच आहे आणि ती मी मनापासून करतो. विकणारे आधी ओढून बाहेर येणारं स्वयंपाकघर दाखवतात, मग निळे दिवे, मग छत. टाकी आखाच्या पुढे की मागे, हे विचारलं की सांगणाऱ्याला खाली वाकून बघावं लागतं. घेणारे तरी कुठे विचारतात! घरात घागर कुठे ठेवायची यावर आपण दोन दिवस बोलतो, आणि चाकांवरच्या घरात ६० किलो पाणी कुठे बसलंय ते विचारत नाही. टाकी आखाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे हवी, म्हणजे भरलेली असो वा रिकामी, नाक फारसं बदलत नाही. बॅटरी, गॅस, अवजारं पुढे. अंथरुणं, कपडे, हलकं सामान मागे. जड वस्तू खाली. छतावरचा तंबू एकटाच ५०-६० किलोचा असतो, तो चढवला की ट्रेलरचा भार वर सरकतो आणि कडेने कलंडायची भीती वाढते, हे वेगळंच.

मोजायचं कसं? सोपं आहे. ट्रेलर प्रवासाला निघतो तसा पूर्ण भरा: पाणी, गॅस, सगळं. सपाट जागी, चाकांना उटी लावून उभा करा. घरातला वजनकाटा कपलिंगच्या, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या कपाच्या, बरोबर खाली, त्यावर लाकडी ठोकळा. ठोकळ्याची उंची अशी घ्या की कपलिंग मोटारीच्या बॉलच्या उंचीवर येईल. जॉकी व्हील, म्हणजे नाकाखालचं टेकूचं छोटं चाक, हळूहळू वर घ्या, नाक ठोकळ्यावर टेकू द्या आणि आकडा वाचा. एकूण वजन मात्र उसाच्या काट्यावर करा. या भागात तो दर काही मैलांवर आहे. नाकाचं वजन तिथे करू नका, कारण मोठ्या काट्याचा आकडा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने पुढे जातो. आपलं भांडण इथे पाच-दहा किलोंचंच आहे.

आणि शेपूट हलायला लागलीच तर? जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका, स्टिअरिंगने तिच्याशी झगडू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर हाताच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे लावा. मग थांबून सामान पुढे घ्या. पुढच्या वळणापर्यंत बघू म्हणू नका.

या गावात फौजेतून निवृत्त झालेले पुष्कळ. तुमच्यापैकी ज्यांनी जीपमागचा जुना पाव टनी ट्रेलर पाहिलाय, त्यांनी या विषयाचं पाठ्यपुस्तकच पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धात जीपसाठी तो बनला. रिकामा साधारण २५० किलो, आणि कच्च्या रस्त्यावर त्यात ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास भरायचं. टायर जीपचेच, ६.००–१६. दोन चाकांमधलं अंतरही जीपचंच. का? जीप ज्या चाकोरीतून जाते त्याच चाकोरीतून ट्रेलरने जावं, आणि एक स्पेअर दोघांना चालावा. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या वाटेवर याचं महत्त्व कळतं. मोटारीची चाकं चाकोरीत आणि ट्रेलरचं एक चाक मधल्या उंचवट्यावर, असं चाललं की ट्रेलर सगळी वाट तिरका चालतो. म्हणून खरेदीच्या दिवशी टेप बरोबर न्या. चाकाचे बोल्ट किती आणि किती अंतरावर, हे मोटारीशी जुळवा. नव्या थारला सहा आणि जिम्नीला पाच, दोन्हींचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचं, पण सहाचं चाक पाचाला लागत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली म्हणतात. मग छापलेला विषय आता भराभर घेतो, लिहून घ्या.

पहिलं, मोटारीचं पुस्तक उघडा. ओढायचं कमाल वजन आणि नाकावरचा कमाल भार, दोन्ही आकडे हवेत. ट्रेलर ओढू नये असं लिहिलं असेल तर आधी मोटारीचा विचार करा. नाकाची मर्यादा ७५ किलो असेल तर भरलेला ट्रेलर ७५० किलोंच्या पुढे न्यायचा नाही, हे गणित तिथेच बसतं.

दुसरं, कागद. ट्रेलर मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र वाहन आहे; त्याची नोंदणी होते आणि त्याला स्वतःचा नंबर मिळतो. गावातल्या शेडमध्ये बनवून घेणार असाल तर लोखंड आणायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नव्हे. सीमेवरच्यांना एक जादा गोष्ट: कोल्हापूरला एमएच-०९ ची नोंदणी करून वाहन बेळगावात बारा महिन्यांहून जास्त ठेवलं तर नवी नोंदणी लागते.

तिसरं, दांडी. खाली आडवे पडून बघा. दांडीचा चौकोनी पाइप चासीच्या खालून मागपर्यंत गेलेला असावा. पुढच्या आडव्या पट्टीला नुसतं टोक चिकटवून वेल्डिंग केलेलं असेल तर तडा तिथेच जातो, कारण प्रत्येक खड्ड्याचा झटका त्या एका शिवणीवर येतो. रंगावर केसासारखी गंजाची रेघ दिसली की समजा तडा आहे. उद्यमबागेत उत्तम वेल्डर आहेत, एकाला बरोबर घेऊन जा.

चौथं, कपलिंग. साधा बॉल डांबरी रस्त्याला ठीक. मोटार ओढ्यात एका बाजूला आणि ट्रेलर दुसऱ्या बाजूला कलला की बॉलचा कप एका मर्यादेपर्यंतच फिरतो, मग पिळतो. कच्च्यासाठी फिरती कपलिंग किंवा फौजी हुक-कडी. कडी खडखडते, पण निसटत नाही. साखळ्या दोन, दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या टाकून, म्हणजे नाक सुटलं तरी जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांवर झेलतं.

पाचवं, पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) की प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन? पहिल्या ट्रेलरला पाटे घ्या. पाटा मोडला तर अथणीतही मिळतो. पण शॉक ॲब्सॉर्बर हवेतच, आणि पाटा आखाला बांधणारे यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जागा बघा. काळ्या रानात पहिल्या पावसात चिखल तिथे भरतो आणि चाक फिरायचं थांबतं.

सहावं, ब्रेक. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंपर्यंत बिनब्रेकचा ट्रेलर चालतो, पण आपल्या घाटाला मी त्याच्या बऱ्याच आत थांबेन. ढकल-ब्रेक, म्हणजे ट्रेलर मोटारीवर रेटला की आपोआप लागणारे, स्वस्त; मात्र लांब उतारावर ट्रेलर सतत पुढे रेटतो म्हणून ते लागलेलेच राहतात आणि तापतात. खालच्या गिअरमध्ये उतरा.

सातवं, हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग. प्रत्येक थांब्यावर हाताची पाठ लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर बेअरिंग आवळलंय किंवा ग्रीस गेलंय. तापलेला हब एकदम ओढ्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्याआधी पाच मिनिटं थांबा. बेअरिंगचा एक जोड, सील, कॉटर पिन आणि ग्रीसचा डबा कायम बरोबर.

आठवं, धूळ आणि पाऊस. दारांचं रबर बीडिंग कागदाचा कपटा अडकवून तपासा. कपटा सहज ओढला गेला तर लाल धूळही आत येणार. प्लायवूडच्या कडा बंद केलेल्या नसतील तर एका पावसाळ्यात फुगतात. दिव्यांना वेगळी अर्थची तार हवी. बॉलमधून अर्थ घेतली की ग्रीस आणि गंज यांनी दिवे लुकलुकतात.

घंटा झाली. प्रश्न बाहेरच घेऊ. आवारात पिंपळाखाली ट्रेलर उभा आहे, शेजारी काटा आणि ठोकळा ठेवलाय. टाकी आत्ता भरलेली आहे. आधी भरलेल्या टाकीवर नाक मोजा, मग तोटी सोडून रिकामी करा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा, म्हणजे मागून येणाऱ्यांनाही दिसतील. पाणी मात्र बादलीत धरा, बागेला घालायचंय.