उन्हाची वाट

(रावेर तालुका. मे महिन्यातली भर दुपार. केळीची बाग, कडेला दाट शेवरी.)

निवेदन :
खान्देशात केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात, ती उन्हाळ्यातल्या तापलेल्या वाऱ्यासाठी. हा वारा पानं फाडतो, करपवतो. त्याची उष्णता हवेबरोबर येते, म्हणून हवा अडवली की झळही अडते.

डोक्यावरच्या उन्हाला मात्र शेवरी काही करू शकत नाही. हे ऊन सुमारे १५ कोटी किलोमीटरवरून आलं आहे. वाटेतला शेवटचा हवेचा थर सोडला तर सगळी पोकळीच. तरीही ८ मिनिटं २० सेकंदांत ते इथं पोचतं.

(भुसावळ जंक्शन. गाडीची शिट्टी.)

ही शिट्टी ऐकू येते ती हवेमुळे. हवा नसती तर आवाज निघालाच नसता. प्रकाशही लहर आहे, मग त्यालाही काहीतरी माध्यम लागणारच, असं एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी धरून चाललं होतं. त्या न दिसणाऱ्या माध्यमाला ते ईथर म्हणत. १८८७ मध्ये अमेरिकेत मायकेलसन आणि मोर्ली यांनी ईथरचा माग काढायचा कसून प्रयत्न केला. पृथ्वी ईथरमधून धावत असेल, तर दिशा बदलली की प्रकाशाचा वेगही किंचित बदलायला हवा होता. तसा फरक मिळाला नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइननं सांगितलं, की ईथरची गरजच नाही.

मग माध्यमाशिवाय प्रकाश पुढं जातो कसा? खरं तर याचं उत्तर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या १८६५ सालच्या समीकरणांत होतंच, आणि विज्ञानातल्या सगळ्यांत सुंदर उत्तरांपैकी ते एक आहे. बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र पुन्हा विद्युत क्षेत्र. दोघं एकमेकांना जन्म देत पुढं सरकतात. थरथरायला कुठला पदार्थ लागतच नाही. रेडिओ, मोबाईल, क्ष-किरण, ऊन ही सगळी याच जातीची. पोकळीत सगळ्यांचा वेग एकच, सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर.

(शेतातली विहीर. पाण्यात शिरणारी उन्हाची तिरीप.)

वाटेत पदार्थ आला की त्यातले विद्युतभार या लहरीनं हलतात आणि स्वतःच्या लहरी सोडतात. सगळं मिळून जी लहर पुढं जाते, ती संथ असते. पाण्यात वेग सव्वादोन लाखांवर येतो. पाण्याबाहेर पडताक्षणी तो पुन्हा पूर्ववत होतो, त्यासाठी कुणी ढकलावं लागत नाही.

हवेतही थोडा फरक पडतोच. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ, तिथं प्रकाश किंचित जलद जातो आणि वर वळतो. धुळ्याच्या रस्त्यावर दुपारी दूरवर पाणी साचल्यासारखं दिसतं, ते असं वळून आलेलं आकाश असतं.

(नांगरलेली काळी जमीन.)

दृश्य प्रकाशाला हवा फारशी अडवत नाही, त्यामुळे त्यानं ती थेट फारशी तापतही नाही. तो प्रकाश काळी माती शोषून घेते, तापते, आणि मग वरच्या हवेला तापवते. मातीतून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणंही निघतात. त्या किरणांना हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवतात. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून जळगावचा पारा बाराला नाही, तीन-चारच्या सुमारास सर्वांत वर चढतो.